खुंटीवरची वेसण

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि वर दुष्काळ. आमचं ठाणं भाड्याच्या दोन खोल्यांत. कोठडीचं कुलूपसुद्धा मी पदरचं आणलेलं. त्या दिवसांतला एक आरोपी मी अजून विसरलेलो नाही. आठवला की माझीच मान खाली जाते.

एका तरुण शेतकऱ्यानं फिर्याद दिली, गोठ्यातून बैल चोरीला गेला. तीन दिवसांनी खबऱ्यानं बातमी आणली की बैल चारा छावणीत आहे. गेलो, तर बैलापाशी त्याच घरचा जुना सालगडी. दुष्काळ पडला म्हणून याला कामावरून काढलेलं. म्हटलं, झालं, राग काढला गड्यानं!

चौकशीत त्यानं लगेच कबूल केलं. "हाव साहेब, म्याच नेला."

"कशासाठी? विकणार होतास?"

"नेला म्हनलं न्हवं? घ्या की लिहून."

मी चिडून एक ठेवून दिली. गाल चोळत तो म्हणाला, "बैलाला पानी दावलं का, साहेब?"

मी चरकलो. मुद्देमाल म्हणून बैल ठाण्याच्या अंगणातच बांधला होता. पाणी पाजताना पाहिलं, नाकात वेसण नाही. ती तर पंचनाम्याच्या वेळी फिर्यादीच्या गोठ्यात खुंटीला लटकत होती! अहो, चोर वेसण काढेल कशाला? तीच धरून जनावर न्यायचं असतं. वेसण काढतो तो धनी, जनावर कायमचं मोकळं सोडताना. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मला हे दिसू नये!

फिर्यादीला आणि त्याच्या म्हाताऱ्या बापाला बोलावलं. गोठ्यातून आणवलेली वेसण टेबलावर ठेवताच म्हातारा ढसाढसा रडायला लागला. "म्याच सोडला, साहेब. वैरण सरली व्हती. दावणीला मरताना बघवंना. पोराला सांगायची लाज वाटली, म्हनलं चोरी झाली."

गड्याला कोठडीतून बाहेर आणलं, तेव्हा कळलं, त्याला बैल माळावर भटकताना सापडला होता. मोकळं नाक बघूनच तो सारं समजला होता आणि त्यानं बैल छावणीत नेऊन जगवला होता.

"मग बोलला का नाहीस? तुरुंगात गेला असतास," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघेचना. म्हाताऱ्यावरच रागावला. "कशाला बोलला, मालक? पोरापुढं? म्या आलो असतो की सुटून."

फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल कोर्टाला पाठवला आणि गड्याची मी हात जोडून माफी मागितली.

पुढं नोकरीभर मी लोकांना चारित्र्याचे दाखले दिले. नावावर गुन्हा नसला की चारित्र्य चांगलं, एवढंच आम्ही बघत असू. न केलेला गुन्हा दुसऱ्याच्या अब्रूसाठी अंगावर घेणाऱ्याला काय म्हणायचं, याचा रकाना त्या कागदावर नव्हता. त्या गड्यानं माझ्याकडं दाखला कधी मागितला नाही. मागितला असता, तर सही करायला माझा हात धजावला नसता.