न भरणारा खड्डा

लग्नाचं दुसरं वर्ष होतं. नदीपलीकडे, वडशाकडच्या माझ्या माहेरी आई अंथरुणाला खिळली होती. तिकडून बाजाराला येणाऱ्या बायका दर वेळी एकच सांगायच्या, ‘एकदा भेटून जाय वं, तुई वाट पाहून राह्यली ते.’ वैनगंगेतून अजून पायी जाता येत होतं. पाऊस लागला की मात्र वाट बंद.

सासूबाईंच्या तोंडून मी विचारलं. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. ते म्हणाले, ‘खड्डा भरला का जाय.’

हे खड्ड्याचं खूळ नव्या ग्रामसेवकानं आणलेलं. सांगितलं त्यानं, खणला गड्यांनी आणि भरायचा कोणी, तर सुनेनं! कंपोस्ट नावाचं खत घरीच कसं करायचं, हे त्यानं पारावर पुरुषांना शिकवलं. शेणात हात बायकांचे, पण त्यांना कोण बोलावतो? मामाजींनी घरी येऊन मला ऐकवलं. कचऱ्याचा वीतभर थर, त्यावर शेणाचा काला, मग माती, मग पाणी. गावात पहिला खड्डा आपलाच भरायचा, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

मला वाटलं, त्यात काय मोठं! जंगल घराला लागूनच. सागाची सुपाएवढी पानं टोपल्या भरभरून आणली, ओतली, खड्डा काठाला लावला आणि गाठोडं बांधलं. मामाजी परगावाहून येईपर्यंत तो हातभर खाली बसलेला.

‘हा भरला काय वं?’

पुन्हा पानं, पुन्हा धानाची तनस, पुन्हा तलावावरून डोक्यावर पाणी. भरला की खचायचा मेला. मान मोडून यायची. जेवताना हाताला शेणाचा वास यायचा, घास उतरायचा नाही. जीव अगदी विटून गेला होता.

एकदा ग्रामसेवक पाहायला आला. त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला आणि खूश झाला. ‘छान तापलाय. खचतोय म्हणजे कुजतोय!’ मामाजींची छाती फुगली. मी दाराआडून विचारलं, ‘मंग भरते कधी जी?’

तो हसला. ‘घाई कशाला, बाई? नीट केलात म्हणूनच खाली बसतोय. पावसाच्या तोंडाशी भरेल.’

मी चुलीपुढे जाऊन बसले आणि रडले. तोवर नदी कोण थांबवणार होतं?

पुढच्या आठवड्यात माझा भाऊ आला. मी शेण कालवत होते. वर पाहिलं, तर त्याच्या डोक्यावर केस नव्हते.

मामाजी बाजेवरून उठले. खड्ड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ‘जाय बाई, आत्ताच जाय,’ म्हणाले.

दाराआडून एखादा शब्द सोडला, तर तोवर मी त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं.

‘आता कोनापाशी जाऊ जी?’