कापीव की कच्चं

वखारीत तिला सगळे ताई म्हणत, पाठीमागे 'करवत'. वडिलांची लाकडाची वखार ती एकटीच चालवायची. वडील अंथरुणाला खिळले होते, आणि त्याला कारण कोण, हे ती कुणालाही शपथेवर सांगायची.

वडील आडवे झाले त्या वर्षी परदेशातून ओंडके आले होते. जहाजात नीट रचता यावेत म्हणून तिकडच्यांनी ते कुऱ्हाडीने चारी बाजूंनी ओबडधोबड तासले होते. सीमाशुल्क कचेरीतल्या तपासनीसाने कागदावर शेरा मारला, 'कापीव लाकूड.' कच्च्या लाकडापेक्षा कापीवावर शुल्क दुप्पट.

वडिलांनी हात जोडले. "साहेब, एकदा मालाजवळ येऊन बघा तरी."

"आता लाकूडवाले मला कायदा शिकवणार!" तो म्हणाला, आणि शिपायासकट सगळी कचेरी हसली.

भांडण लांबलं, माल बंदरात अडकून पडला, त्याला कीड लागली. वडिलांचं उजवं अंग लुळं पडलं. आई म्हणाली, "सोड गं. करेल तो भरेल."

"भरेल तेव्हा भरेल. मला तेवढा धीर नाही."

सात वर्षं ती अपिलाच्या तारखांना जात राहिली. वकिलाने अर्ध्यावर मिटवायचं सुचवलं, तर तिने वकीलच बदलला. शेवटच्या सुनावणीला तिने हट्टाने तपासनीसाला बोलावून घेतलं आणि परवानगी काढून उलटतपासणीला स्वतःच उभी राहिली.

"माल तुम्ही डोळ्यांनी पाहिलात?"

"अर्थात. तीन नंबरच्या गोदामात."

"माल गोदामात गेलाच नाही, साहेब. पहिल्या दिवसापासून उघड्यावर होता." तिने बंदराच्या फाटकावरच्या नोंदवहीची नक्कल पुढे सरकवली. त्या आख्ख्या महिन्यात त्याची एकही सही नव्हती.

तो घाम पुसत राहिला. ती त्याच्याकडे बघतच राहिली, पोटभर.

निकाल तिच्या बाजूने लागला. तोवर लाकूड चुलीत घालण्याच्याच लायकीचं उरलं होतं. तपासनीसाची खात्याने चौकशी लावली, तेव्हा तो वखारीत आला. "ताई, दोन शब्द चांगले बोललात तर माझं पेन्शन वाचेल. घरात मीच एकटा कमावता आहे."

तिने त्याला बसा म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तारीख कितीची आहे?"

त्या तारखेला ती सगळ्यांच्या आधी पोहोचली. जे घडलं ते तसंच्या तसं सांगितलं, एक अक्षर वाढवलं नाही, एक गाळलं नाही. त्याचं पेन्शन गेलं.

आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. "त्या दोन्ही रात्री," ताई पुढे सांगायची, "मला मेल्यासारखी झोप लागली."