भाऊंनी फळी पुजली

कोपरला समुद्र नाही. खाडी आहे, आणि खाडीवरून लाटा येत नाहीत, डास येतात. तरी हेमांगीच्या घरी दाराआड सर्फिंगची फळी उभी असायची. शेजारणी तिला इस्त्रीची फळी म्हणत. माणसापेक्षा उंच फळीवर इस्त्री कोण करतं, हा प्रश्न एकीलाही पडला नाही.

ऑफिसच्या सहलीत हेमांगी एकदा लाटेवर उभी राहिली आणि नादाला लागली. मग वर्षानुवर्षं तेच: आठवडाभर ठाण्यात नोकरी, शनिवारी रात्रीची एसटी, रविवारी कोकणातलं खारं पाणी आणि सोमवारी लाल डोळ्यांनी पुन्हा कामावर. किनाऱ्यावरच्या मुली चूळ भरावी तितक्या सहज रोज पाण्यात शिरतात. हिच्या वाट्याला महिन्यातले एकदोन रविवार. तरी ती स्पर्धांना जायची आणि दरवेळी थोडक्यात हुकायची. आता तिशी उलटली होती, खांदा दुखत होता आणि मुख्य म्हणजे ती दमली होती. यंदा राष्ट्रीय संघात निवड झाली तर ठीक, नाहीतर फळी विकून टाकायची, असं तिने ठरवलं होतं. भाऊंना तसं सांगितलंही होतं.

भाऊ म्हणजे तिचे वडील. आई गेल्यापासून घरात दोघंच. भाऊ जन्मभर डोंबिवलीच्या कारखान्यात टर्नर होते. पोरीच्या या नादाबद्दल त्यांनी कधी बरंवाईट अक्षर काढलं नाही, आणि तेच तिला लागायचं. चार शिव्या घातल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

निवडीची स्पर्धा दसऱ्यानंतर लगेच, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर होती. निघायच्या दिवशी ती ऑफिसातून धावतपळत आली, तर भाऊंनी फळी पिशवीत घालून, दोरी आवळून तयार ठेवलेली.

“परवा खंडेनवमीला तू कामावर होतीस,” भाऊ म्हणाले. “रिटायर झाल्यापासून घरात पुजायला हत्यारच नव्हतं. म्हटलं, यंदा तुझं पुजावं.”

हेमांगीने वाकून नमस्कार केला आणि निघाली.

किनाऱ्यावर तिने पिशवी उघडली. फळीच्या टोकाला हळदकुंकू, आणि बाकी सगळी आरशासारखी लख्ख. पाय घसरू नये म्हणून फळीवर मेण चोळतात. थर चढून चढून ते मळकट दिसतं, पण सगळी भिस्त त्याच्यावर. भाऊंना तो मळ वाटला. जन्मभर हत्यारं पुजली तशीच त्यांनी ही पुजली होती: आधी खरवडून साफ, मग गंजू नये म्हणून वरून मशीनचं तेल.

शाम्पूच्या पुड्या फोडून तिने फळी धुतली, नवं मेण चोळलं, पण ते गोळे होऊन सुटायला लागलं. उसनी फळी म्हणजे उसनी चप्पल, आणि तीही शोधायला वेळ कुठे होता? तिच्या फेरीचा भोंगा वाजलाच.

चौघींतल्या दोघी पुढे जाणार होत्या. सुरुवातीच्या लाटा हेमांगीने जपून घेतल्या, आणि परीक्षकांनी गुणही हात राखूनच दिले. शेवटी एक लाट आली, वर्षातून एखादीच यावी अशी. हेमांगी उठली, मागचा पाय तेलावरून सटकला आणि लाट तिच्या डोक्यावरून निघून गेली. तिचा नंबर तिसरा आला.

वाळूत बसून ती रडली नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं. राग मात्र मनस्वी आला. फोन लावला तो भाऊंना चांगलं सुनवायलाच.

“भाऊ, हरले मी.”

“होतं गं असं,” भाऊ म्हणाले. मग जरा चाचरत, “फळी तरी बरी होती ना? एवढी चकचकीत दुसऱ्या कुणाची होती का?”

हेमांगीने आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे मेणाने मळलेल्या फळ्या पडल्या होत्या.

“नाही भाऊ. कुणाचीच नव्हती.”

“मग विकू नकोस,” भाऊंचा आवाज एकदम खुलला. “पुढच्या नवमीला आणखी नीट करतो.”

“बरं,” ती म्हणाली. तेल लावू नका, एवढं काही तिच्याने सांगवलं नाही.