कॅमेऱ्याला झेंडूची माळ

लाल सिग्नल तोडून आलेल्या एका दुचाकीवाल्याने आईला पाडलं होतं. पाय बरा झाला, भीती मात्र मुक्कामाला राहिली. नाशिकच्या त्या चौकात अलीकडे तिचा फुलांचा ठेला आणि पलीकडे गावाच्या बसचा थांबा. मधला रस्ता ओलांडायला तिला रोज माझा हात लागे. अंबडच्या कारखान्यातून सुटलो की मी धावत येई, हात आडवे करून रस्त्यात उभा राही आणि लाल दिव्यातही घुसणाऱ्यांचा मनसोक्त उद्धार करी. आपल्या लोकांना लाल दिवा म्हणजे नुसती विनंती वाटते, हे माझं ठाम मत! आईला मात्र लाज वाटायची. "शेतात सापाला भ्यायले नाय, अन् रस्त्याला भिते," म्हणायची.

मग चौकात कॅमेरे बसले. आधी कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पण मोबाइलवर फोटोसकट ई-चलानं यायला लागली, आणि माझ्या शिव्यांना भीक न घालणारी मंडळी पांढऱ्या पट्ट्यामागे शहाण्यासारखी थांबू लागली. मला आनंद झालाच, थोडा रागही आला. एवढा घसा कोरडा केला, त्याचं काय?

दसऱ्याला आम्ही विळ्याला, तराजूला, माझ्या गाडीला माळा घातल्या. राबणाऱ्या प्रत्येक वस्तूचा त्या दिवशी मान असतो. आईने एक माळ बाजूला ठेवली होती.

"ही पलीकडच्या क्यामेऱ्याला. त्यो बी बारा महिने राबतो."

"दे, मी खांबाला बांधून येतो."

"तू थांब इथंच."

दिवा लाल झाला, गाड्या थांबल्या आणि आई निघाली. एकटी. मी मुठी आवळून उभा. ती मध्यावर पोचली आणि गाड्यांचा दिवा हिरवा झाला. हिरव्यावर सुटणाऱ्याला कॅमेरा काय करणार?

सगळ्यांत पुढचा रिक्षावाला हललाच नाही. मागून हॉर्न वाजले, तर त्याने हात बाहेर काढून सगळ्यांना थोपवलं. "निवांत जा, आजी!"

रिक्षावाल्यांच्या नावाने मी आयुष्यभर खडे फोडले. त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली. आई सावकाश पलीकडे पोचली. खांबाला माळ बांधून तिने हात जोडले, मग वळून रिक्षावाल्यालाही जोडले. तो हसून निघून गेला. मी लगेच पुढे पाऊल टाकलं, तशी ती तिथूनच ओरडली, "घ्यायला येऊ नको! माझी मी येते!"