निळी साल

कारखान्यात त्याला सगळे ‘मायक्रॉन’ म्हणत. चौतीस वर्षं लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर काढलेला माणूस, लोखंडाचा गज चकच्या पकडीत फिरताना नुसत्या आवाजावरून सांगायचा, “केसभर बाहेर आहे.” घरीही तेच. भिंतीवरची तसबीर तिरकी, टेबलाचा एक पाय आखूड. बायको म्हणायची, “लग्नात मला नाकारलं नाहीत हेच नवल. तेव्हा मापाची पट्टी घरी विसरला होतात वाटतं!”

भाची कॉलेजासाठी त्यांच्याकडे राहायची. आधुनिक हिंदी कवितेतली भाषा आणि प्रतिमा, असा तिचा प्रबंध. रोज संध्याकाळी मामी भाजी निवडत बसली की ती लिहिलेलं मोठ्याने वाचायची. मायक्रॉन पेपराआड असायचा, पण कान तिकडेच. कवितेत चंद्र आणि कमळं जाऊन स्टोव्ह, सायकल, गिरणीचा भोंगा आले, हे ऐकून तो खूश झाला होता. “बरं झालं. चंद्र काय कुणी हातात धरलाय?”

त्या दिवशी तिने एक ओळ वाचली : “हाथ तक आते-आते नीली पड़ जाती है लोहे की छीलन.” आणि पुढे स्वतःची अकरा पानं. निळा म्हणजे उदासी. कामगाराच्या हाती येईपर्यंत त्याच्या श्रमाचं फळ काळवंडतं. लोखंड निळं नसतंच, म्हणून ही प्रतिमा निव्वळ मनातली, असं तिच्या सरांचं मत.

पेपर खाली आला. “अगं, निळीच असते की ती.”

“काय?”

“लोखंडाची साल. गज कातताना टूलपाशी निघते तेव्हा चांदीसारखी, आणि बघता बघता निळी. तापते ना! त्याने डोळ्यांनी बघितलंय ते. हा कवी नक्की लेथपाशी उभा राहिलेला माणूस आहे!”

त्याला कोण आनंद झाला. चौतीस वर्षं झाडूने गोळा करून भंगारात टाकलेली वस्तू कुणीतरी कवितेत ठेवली होती. पण भाचीचा चेहरा पडला. सोमवारी सरांना प्रबंधाचं हे प्रकरण द्यायचं होतं.

“अहो, तोंड उघडायची काही गरज होती का?” मामी फणकारली. “पोरीची अकरा पानं पाण्यात!”

भाची रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी जाऊन सरांना सगळं सांगून टाकलं. सर उखडले. “तुझे मामा टर्नर आहेत, समीक्षक नाहीत. चल, मला दाखवू देत. साल निळी निघाली तर प्रकरण नव्याने लिही, मी मुदत देतो. नाही निघाली, तर आहे तेच सोमवारी हवं, आणि मामांचं नाव पुन्हा काढायचं नाही.”

शनिवारी सर कारखान्यात आले. फोरमनने सगळ्यांना चष्मे दिले. मायक्रॉनने गज बांधला, मशीन सुरू केलं, टूल पुढे घेतलं. साल निघाली. लांबलचक, गोल गोल वेटोळी. आणि पांढरीशुभ्र!

सरांनी भाचीकडे पाहिलं. भाचीने मामाकडे. पलीकडच्या मशीनवरचा एक जण कुजबुजला, “आज मायक्रॉन पुरा इंचभर चुकला.”

मायक्रॉन टूलवर वाकला. आपली काय, शोभा झाली तरी चालेल. पण पोरगी आपल्या शब्दावर सरांचा राग ओढवून आली होती. त्याने पुन्हा सालीकडे पाहिलं. ओली. दुधासारखं पाणी टपटपत होतं. त्याने कपाळावर हात मारला.

“कूलंट! अहो, सवयीने मी हे थंड पाणी चालू केलं, मग ती तापणार कशी? आमच्या उमेदवारीत हे लाड नव्हते. सुकंच कापायचो.”

त्याने नळी बंद केली, गज पुसला, फेरे जरा वाढवले. कर्रर्र आवाज झाला. साल टूलवरून रुपेरी उठली, वळता वळता पिवळसर झाली, मग जांभळी, आणि खाली ट्रेमध्ये पडेपर्यंत गडद, चकचकीत निळी.

“अरे वा!” म्हणत सरांनी हात पुढे केला.

“हात नको!” मायक्रॉन ओरडला. “भाजेल.”

सर थबकले. मग पुटपुटले, “हाथ तक आते-आते...” आणि चष्म्याआड हसले. “म्हणजे निळी झाली तरी ती तापलेलीच, हात लावायचाच नाही अजून. आणि मी इतकी वर्षं वर्गात उदासी शिकवतोय.” तिथेच उभं राहून त्यांनी अख्खी कविता म्हटली. फोरमनसुद्धा जवळ येऊन ऐकू लागला.

“पंधरा दिवस देतो,” सर भाचीला म्हणाले. “पण माझ्या खोलीत बसून लिहायचं नाही. इथे बसून लिही.”

फोरमनने लेथपासून हातभर लांब एक स्टूल टाकून दिलं. चष्मा लावून, मांडीवर वही घेऊन ती रोज तासभर बसू लागली. ती “मामा, पुन्हा!” म्हणाली की मायक्रॉन नळी बंद करायचा.

“एका कवितेपायी असं सुकं कापून किती टूल जाळणार आहेस?” चौथ्या दिवशी फोरमनने विचारलं.

“तिची दोनच पानं राहिलीत, साहेब,” म्हणत मायक्रॉनने नवं टूल बांधलं.