फोटोत नसलेली बाई

जबलपूरच्या जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन आमच्या कॉलेजात भरलं होतं. एका कारखान्याच्या ऑफिसातलं, कार्डांना भोकं पाडणारं पंच मशीन मधोमध ठेवलं होतं आणि मागच्या भिंतीवर ते चालवणाऱ्या बायकांचा मोठा फोटो होता. माहिती सांगायला मी उभा होतो.

एक म्हातारी बाई आली आणि फोटोतल्या एकेकीवर बोट ठेवून नाव पुटपुटू लागली. मी जरा भीतच विचारलं, "मावशी, यात तुम्ही कोणत्या?"

"मी नाही ना बेटा यात. पगाराचे कार्ड बाकी होते. साहेब म्हणे, एकीला तर बसाच लागते. ह्या साऱ्या पावडर लावून बाहेर गेल्या, अन् मी आत पंच करून राहिली होती."

"तुम्हालाच काहून बसवलं?"

"माझा हात जलद होता ना." ती हसली. "घ्या, हुशारीपायी फोटो गेला!"

मग तिने पदर सारखा केला, मोबाईल माझ्या हातात दिला आणि फोटोतल्या शेवटच्या बाईला खेटून उभी राहिली.

"चलो, काढ. मशीन येऊ नको देजो त्यात."

मशीन टाळायला मला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. फोटो तिरपा आला, पण त्यात ती त्यांच्यातलीच एक दिसत होती.