आत्याबाईंचं वंगण आणि आमचं विमान

आमच्या घरी विमान होतं म्हणलं की नव्या सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसू द्या. त्याच्या पंखांच्या आडोशाला बसून मी पापड लाटलेत, मला काय सांगता!

आमचे हे वाळूजला कंपनीत फिटर. त्या काळात वाळूजला सारखी नवी शेड उभी राहायची, अन् जितकं नवं यायचं तितकंच जुनं भंगारात निघायचं. ते भंगार शहागंजच्या भंगारबाजारात जायचं, अन् शहागंजहून आमच्या दारात. नळ्या आल्या, पत्रा आला, मोटारसायकलचं इंजिन आलं, स्कूटरची दोन चाकं आली. दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. आज मोर्चा, उद्या बंद. बंद असला की कंपनीची बस यायची नाय अन् ह्यांचं विमान पुढं सरकायचं. मोर्चात घोषणा देऊन घसा बसलेला असायचा, तरी पाना हातात. शेजारीण विचारायची, "वहिनी, इमानाला नाव काय देणार?"

हे बसल्या घशानं आतून ओरडायचे, "आधी विद्यापीठाचं होऊ द्या! इथं नाव द्यायचं म्हणजे सोपं काम हाय व्हय?"

त्या विमानाचे पाय माझ्याकडं होते. म्हणजे असं बघा, खाली दोन लोखंडी पाय अन् मधी चाकांचा आस. हा आस बोल्टानं घट्ट बसवत नाहीत, ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पायाला गुंडाळून बांधतात. खाली टेकताना दणका बसला की रबर ताणतं अन् दणका गिळतं. पण रबरच ते. उन्हानं चिरतं, सैल पडतं. मग सोडायचं, चिरा बघायच्या, नवी पट्टी घालून परत गुंडाळायचं. मी लहानपणापासून बाजा विणलेल्या. पाय रोवून बाजेच्या पायथ्याची दावण ओढायची सवय. हे कावायचे, "अगं, जरा ढील ठेव. बाज नाय ती!"

"ढिल्या बाजेवर निजून कंबर कुणाची धरली होती?" मी म्हणायची.

आता ते पळवायचं कुठं? गंगापूरकडं आमचं थोडं रान होतं, त्यातला एक लांब पट्टा पड पडलेला. रान बघायचे थोरले दीर. माणूस चांगला, पण उसानं झपाटलेला. बेणं आणून तयार. ह्यांनी वर्षभर पट्टा मागितला तर म्हणाले, "त्या टोकाहून पळव. बांधाच्या अलीकडं थांबून उभं राहिलं तर एक साल पट्टा तुझा. नाय राहिलं तर मी ऊस लावणार, अन् हे तुझं पाखरू जिथून आलं तिथं, शहागंजला."

हे कबूल झाले. ब्रेक स्कूटरचे, झकास लागत होते. आदल्या दिवशी ट्रॉलीत घालून विमान नेलं, पंख जोडले अन् गोठ्याशेजारी बैलगाडीला खेटून उभं केलं. सकाळी आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे हात काळेकुट्ट दिसले. चुलीचं असंल म्हणून मी काय विचारलं नाय.

इंजिन सुरू झालं तशा कोंबड्या गायब. हे डोक्याला मफलर बांधून बसले. विमान निघालं, शेपटी उचलली, धूळ उडाली. अर्ध्यावर ह्यांनी इंजिन कमी केलं अन् ब्रेक दाबला. विमान आपलं पळतंच! बांध जवळ आला. मी ओरडले, "अहो, थांबवा!" दीर ओरडले, "गेलं शहागंजला!" तेवढ्यात ह्यांनी इंजिन एकदम वाढवलं, चाकं बांधाच्या चढावर गेली, अन् तुम्हाला सांगते, ते उचललं! बांधाच्या वरून गेलं अन् पलीकडं धप्पकन टेकलं. रबर करकरलं. मी डोळे मिटले. उघडले तर पाय शाबूत, आस जागेवर अन् विमान ढेकळांत रुतून उभं, हे खाली उतरून चाकापाशी बसलेले.

"तेल! ब्रेकात तेल कुणी घातलं?"

"तेल नाय, वंगण," आत्याबाई मागून आल्या. "चांगलं एरंडेल अन् काजळीचं. काल ढकलताना कुरकुरत होतं ते. फट दिसंल तिथं सोडलं. शेजारी गाडीला घालायचं अन् ह्याला उपाशी ठेवायचं, बरं दिसतं व्हय?"

हे कपाळाला हात लावून बसले. दीर म्हणाले, "म्हातारे, तुझ्यापायी ह्याचं रान गेलं. थांबलं नाय."

"उडायची वस्तू केली पोरानं, अन् तू थांबायची अट घालतो! बैल घेताना दूध किती देतो म्हणून इचारशील!"

दीर बांधाकडं चालत गेले. चाकांच्या दोन रेघा बांधाच्या माथ्यापर्यंत आलेल्या. तिथं संपल्या. पलीकडं बऱ्याच अंतरावर परत सुरू. मधली माती कोरी. दीर वाकले, त्या कोऱ्या मातीवरून हात फिरवला.

"हितं चाक नव्हतं?" त्यांनी मला विचारलं.

"नव्हतं."

मग दिरांनी सरळ होऊन धोतर झटकलं. "एक साल," म्हणाले. "बेणं देतो शेजाऱ्याला. पण ह्या म्हातारीला त्या चाकांपासून लांब ठेवा."

हे ब्रेक उघडून पेट्रोलनं धूत बसले, मी रबर सोडून चिरा बघायला लागले. एकही नव्हती. आत्याबाई शेजारच्या रानातल्या बाईला सांगत होत्या, "वंगणानंच उडालं बघ."